‘द इंग्लिश पेशंट’ : प्रीतीची किंमत कोणी मोजली?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांतील इटली. एका पडक्या मठात हाना ही कॅनेडियन परिचारिका सर्वांग होरपळलेल्या रुग्णाची एकटीने शुश्रूषा करीत आहे. रुग्णाच्या स्मृतींतून सहारा वाळवंट उलगडत जाते आणि त्यासोबत नकाशे करणारा हंगेरियन संशोधक आल्माशी व विवाहिता कॅथरिन यांची प्रेमकथाही. मायकेल ओंडात्शे यांच्या १९९२ सालच्या कादंबरीवर अँथनी मिंगेला यांनी १९९६ साली निर्मिलेल्या या चित्रपटाने ९ ऑस्कर पारितोषिके पटकावली. जॉन सील यांचे छायाचित्रण पाहता हा गौरव अनाठायी म्हणवत नाही.

तरीही आमचे मन पूर्णतः समाधान पावत नाही. फसविला गेलेला पती विमान कोसळवून मृत्यू पत्करतो. गुहेत जखमी पडलेल्या प्रियेकडे परतण्यासाठी आल्माशी आपले नकाशे जर्मनांच्या हाती देतो. जर्मनांच्या छळात अंगठे गमावलेला काराव्हाज्जो त्याला जाब विचारावयास मठात येतो. पण ती करुण कहाणी ऐकून त्याचा राग मावळतो. प्रेक्षकांनीही तसेच विरघळावे, ही दिग्दर्शकाची अपेक्षा आम्हांस खटकते. दुःख खरे असले म्हणजे अपराध पुसला जातो काय? अखेरीस रुग्णाच्या मूक विनवणीवरून हाना त्याला मॉर्फीनची प्राणघातक मात्रा देते. तिचे अश्रू आम्हांस हेलावून गेले. परंतु त्या कृतीस आमचे मन संमती देऊ शकले नाही.

खरे प्रेम आम्हांस अन्यत्र दिसले. बाँब निकामी करणारा शीख अधिकारी किप हानाला दोराने उंच उचलतो आणि मशालीच्या उजेडात चर्चच्या भिंतींवरील चित्रे दाखवितो. देहाची ओढ तेथेही आहे, पण कोणाचे काही हिरावून घेणे नाही. कादंबरीतील किप हिरोशिमाची वार्ता ऐकून संतापाने निघून जातो. चित्रपटात मात्र हिरोशिमा नाही. त्याजागी सहकाऱ्याचा मृत्यू येतो. १९४४ साली इटलीतच धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांच्या महाराष्ट्राला ही उणीव अधिक जाणवावी. परक्यांच्या युद्धात लढलेल्या भारतीयाचा प्रश्नच येथे गाळला गेला आहे.

चित्रपट अवश्य पाहावा, प्रौढांनी पाहावा. मात्र डोळे पुसून झाल्यावर अंगठे गमावलेल्या त्या माणसाचीही आठवण ठेवावी, एवढेच आमचे मागणे.