मुरडशेंगेचे वेढे

सातपुड्याच्या उतारांवर, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-तोरणमाळच्या बाजूला, मुरडशेंगेची झुडपं आहेत. लाल फुलं गळली की शेंगा धरतात आणि प्रत्येक शेंग दोरीला पीळ घालावा तशी स्वतःभोवती वळत जाते. पोटात असाच पीळ पडून कळ येते, तिला आपण मुरडा म्हणतो. मुरड्यावर द्यायची ती मुरडशेंग. दुखणं आणि औषध, दोघांचीही नावं ‘मुरडणे’ या एकाच क्रियापदातून निघाली आहेत. पोट धरून बसलेलं माणूस आणि रानातली शेंग यांचा एकत्र विचार ज्याच्या मनात पहिल्यांदा आला, तो माझ्या लेखी कवीच. त्याच्या या एका शब्दात आकार, वेदना आणि उपाय तिन्ही मावले आहेत.

हीच शेंग बाळगुटीत सहाणेवर उगाळतात. सोबत वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा. आणि माप कशाचं? वेढ्याचं. ‘मुरडशेंगेचे दोन वेढे, वेखंडाचा एक.’ सहाणेवर हात एकदा गोल फिरला की एक वेढा. बाळ तान्हं असेल तर वेढे कमी, अंगानं भरलं की जास्त. बाटलीवरची मिलिलिटरची रेघ सगळ्या बाळांना सारखी असते; वेढा मात्र मांडीवरच्या बाळाकडे बघून ठरतो. पिळाची शेंग, आणि तिची मोजदादही हाताच्या पिळानं! वैद्य औषधाच्या प्रमाणाला मात्रा म्हणतात, आणि छंदशास्त्रातही मात्राच मोजतात, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. (सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असं डॉक्टर सांगतात आणि ते मला पूर्ण मान्य आहे. इथे कौतुक शब्दाचं आहे, गुटीची शिफारस नाही.)

घरगुती औषधांची मराठी नावं नीट ऐकली, तर बहुतेकांत कुणाचा तरी हात हलताना दिसतो. पाण्यात कढवायचा तो काढा. बोटानं चाटवायचं ते चाटण. शेकायचं तो शेक, धूर द्यायचा ती धुरी. बाहेरून लावायच्या औषधांत तर स्पर्शाच्या किती परी! तेल चोळतात, त्यात जोर असतो. हळद लेपतात, तिथे हात हलका पडतो. चोपडणं जाडसर, माखणं सर्वांगाला. जखमेवर कुणी काही चोळत नाही. किती दाबायचं हे क्रियापदच बजावून ठेवतं. ‘मलम’ हा अरबी ‘मरहम’वरून आलेला पाहुणा. पट्टीशी त्याची जोडी जमली, ‘मलमपट्टी’ झाली आणि पुढे वरवरच्या दुरुस्तीलाही आपण तोच शब्द लावू लागलो. आज बहुतेक घरांत ‘ट्यूब लाव’ एवढंच ऐकू येतं. ट्यूब या शब्दात वेष्टन आहे, हात नाही. ही झीज मला खरोखर लागते.

या शब्दांना दुसरी, कठोर बाजूही आहे. पावसाळ्यात रानात फुलणाऱ्या कळलावीचा कंद बाळंतपणात कळा सुरू व्हाव्यात म्हणून वापरला जाई. तो जहाल विषारी आहे, जीव घेऊ शकतो. बोलण्यात मात्र कळलावी म्हणजे भांडण लावून देणारी. बिब्ब्याचं तेल टाचांच्या भेगांवर लावतात, पण चुकलं की बिब्बा उततो, कातडी भाजून फोड येतात. भाषेत राहिलं ते काय? ‘बिब्बा घालणे’, म्हणजे जमत आलेलं बिघडवणं. आसव-अरिष्टांतलं ‘अरिष्ट’ तर औषधही आहे आणि संकटही. कुड्याच्या सालीचं कुटजारिष्ट घेणारा दोन्ही अर्थ एका घोटात घेतो. औषधानं मिळणारा आराम भाषा विसरली असेल, त्यातला धोका मात्र तिनं जपून ठेवला. मला हे शहाणपणाचं वाटतं. जे बरं करतं ते मारूही शकतं, ही सूचना तिनं वाक्प्रचारात ठेवली, म्हणजे ती अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही पोहोचली.

पण हे सगळे मराठी शब्द. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात सहा तालुके आहेत आणि घराघरांत पावरी, मावची, नोइरी, देहवाली, अहिराणी, गुजरी बोलली जाते. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिली आणि खानदेशीचा भाग 1907 साली निघाला. त्यानं बोलींचे नमुने गोळा करताना बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली. त्या गोष्टीत दुष्काळ आहे, भूक आहे, परतलेल्या मुलाच्या बोटात घातलेली अंगठी आहे. आजारी कुणी नाही. म्हणून तिच्यात ना लेप आला, ना काढा. पुढे 2013 मध्ये अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या, भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात राज्यातल्या बोलींना मानाची जागा मिळाली, हे मोठंच काम झालं. औषधांच्या शब्दांकडे मात्र स्वतंत्रपणे बघायला हवं.

नवे शब्द तर इथे आजही घडताहेत. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांसाठी बोटीवरून जातो तो तरंगता दवाखाना. कोरडा सरकारी शब्द होता होता पाण्यानं त्याला वाचवलं. त्याहून बोलका आहे ‘बांबुलन्स’. रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतीण किंवा आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खांद्यांवरून खाली आणतात, त्या झोळीला हे नाव पडलं. ऐकणारा क्षणभर हसतो, आणि मग गप्प होतो. अर्धा शब्द डोंगराचा आहे, अर्धा न पोहोचलेल्या गाडीचा. दोन्ही अर्धे नेमके जिथे जुळतात, तिथेच रस्ता संपलेला असतो. हा शब्द लवकरात लवकर निरुपयोगी व्हावा. मुरडशेंग आणि वेढा मात्र राहावेत.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरच्या शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. मुलांना आजीकडून औषधांचे शब्द लिहून आणायला सांगा, तिच्याच बोलीत. नुसती झाडांची नावं नकोत, तशा याद्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केल्या आहेत. पाला ठेचतात की वाटतात, साल उकळतात की उगाळतात, माप कशानं घेतात आणि कुणाला मुळीच देत नाहीत, हेही विचारायला सांगा. आजी सांगेल तेच क्रियापद वहीत उतरवा, त्याचं मराठी करू नका.