बाण कोठून निघतो? : प्रवर्ग सिद्धान्तातील आकृत्यांच्या अक्षरजुळणीची चिकित्सा

प्रास्ताविक

प्रस्तुत लेखिकेच्या एम. फिल. प्रबंधिकेत एक चौकोनी आकृती होती. चार कोपऱ्यांवर चार अक्षरे आणि त्यांना जोडणारे चार बाण, एवढाच तिचा ऐवज. प्रबंधिकेची अक्षरजुळणी एका डी.टी.पी. केंद्रात झाली. तेथे अक्षरे मजकुरात बसविली गेली आणि बाण मात्र त्यांच्यावर स्वतंत्रपणे ठेवले गेले. बांधणीसाठी समास वाढविताच अक्षरे एक ओळ खाली गेली आणि बाण जागच्या जागी राहिले. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी त्या पानावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला : "हा बाण कोठून निघतो?" छापील पानावर या प्रश्नाचे उत्तर नव्हते. विधान सिद्ध झालेले होते, पण पानावर ते असत्य, किंबहुना निरर्थक झाले होते.

वरवर पाहता ही छपाईची चूक होय. तथापि, अशी चूक शब्दांत लिहिलेल्या सिद्धतेत घडली असती तर तिला आपण केवळ छपाईची चूक म्हटले नसते. प्रवर्ग सिद्धान्तात, म्हणजे ज्याला इंग्रजीत 'कॅटेगरी थिअरी' म्हणतात त्या शाखेत, आकृती ही सिद्धतेची सजावट नसून सिद्धतेचेच एक वाक्य असते. म्हणून ते वाक्य ज्या भाषेत लिहून छापले जाते त्या भाषेची चिकित्सा करणे आवश्यक ठरते. 'टेक्' व 'लाटेक्' या अक्षरजुळणीच्या भाषांमध्ये अशा आकृत्या काढण्यासाठी जी साधने निर्माण झाली, त्यांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आकृती काय सांगते?

सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांच्या 1945 सालच्या शोधनिबंधाने प्रवर्ग सिद्धान्ताचा पाया घातला. या सिद्धान्तात वस्तूच्या अंतर्रचनेपेक्षा एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूकडे जाणाऱ्या बाणांना महत्त्व असते. आयलेनबर्ग व नॉर्मन स्टीनरॉड यांच्या 1952 सालच्या बैजिक संस्थितीवरील ग्रंथात आकृत्यांचा पद्धतशीर वापर झाला आणि मॅक लेन यांच्या 1971 सालच्या पाठ्यग्रंथानंतर त्या या शाखेच्या नित्याच्या लेखनपद्धतीचा भाग बनल्या.

साधे उदाहरण घेऊ. 'अ' पासून 'ब' कडे 'फ' हा बाण जातो आणि 'ब' पासून 'ड' कडे 'ह' हा बाण जातो. दुसरीकडे 'अ' पासून 'क' कडे 'ग' आणि 'क' पासून 'ड' कडे 'य' असे बाण आहेत. वरच्या वाटेने गेले काय किंवा खालच्या वाटेने गेले काय, 'ड' येथे पोहोचल्यावर परिणाम एकच मिळत असेल, तर या आकृतीला इंग्रजीत 'कम्युटेटिव्ह' म्हणतात. शालेय पुस्तकांत या शब्दासाठी 'क्रमनिरपेक्ष' हा प्रतिशब्द रूढ आहे. दोन संख्यांच्या बेरजेसाठी तो योग्यच होय. परंतु येथे क्रमाची अदलाबदल होत नाही. 'फ' नंतरच 'ह' येतो. येथे निरपेक्षता आहे ती वाटेची. म्हणून अशा आकृतीस 'मार्गनिरपेक्ष' म्हणणे अधिक अर्थवाही ठरेल, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. सूत्रात हीच रचना लिहिताना आधी लावायचा 'फ' उजवीकडे आणि नंतर लावायचा 'ह' डावीकडे येतो, त्यामुळे ते उलटे वाचावे लागते. मराठीत आपण "आधी फ लावा, मग ह लावा" असे म्हणतो. बाणही तसेच चालतात. वर्गात सूत्रापुढे अडणारा विद्यार्थी आकृतीपाशी सहज पुढे जातो, याचे एक कारण यात असावे.

जाळीची परंपरा

आपल्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या डोनाल्ड नूथ यांनी 1977 साली 'टेक्' च्या निर्मितीस आरंभ केला. 1984 सालच्या 'टेक्सबुक' मध्ये मार्गनिरपेक्ष आकृती एका स्वाध्यायाच्या रूपाने येते. तिच्यासाठी वेगळी यंत्रणा नाही. सारणी, म्हणजे मॅट्रिक्स, जुळविण्याचीच आज्ञा वापरून काही घरांत अक्षरे व काही घरांत बाण बसवावयाचे. आकृती म्हणजे घरांची जाळी, ही कल्पना येथून रुजली आणि पुढील बहुतेक साधनांनी ती स्वीकारली.

अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'एएमएससीडी' या संचात या कल्पनेचे सर्वांत साधे रूप दिसते. त्यात 'अ‍ॅट' चिन्हानंतर 'पेक्षा मोठे' हे चिन्ह तीनदा लिहिले की उजवीकडे जाणारा बाण मिळतो. रोमन 'व्ही' तीनदा लिहिला की खाली जाणारा आणि 'ए' तीनदा लिहिला की वर जाणारा बाण मिळतो. 'व्ही' चे टोक खाली आणि 'ए' चे टोक वर, म्हणजे आज्ञाच आपल्या अर्थाचे चित्र काढते. ही योजना कल्पक आहे. परंतु या संचात तिरपा बाण नाही. ज्या विधानाला कर्ण लागतो ते विधान या भाषेत मांडताच येत नाही. लेखकाला त्रिकोणाचा चौकोन करावा लागतो आणि एका बाजूस समानतेची दुहेरी रेघ द्यावी लागते. साधनाची मर्यादा येथे विधानाच्या आकारावर उमटते.

ही मर्यादा क्रिस्टोफर रोझ यांनी 1991 च्या सुमारास सुरू केलेल्या आणि पुढे रॉस मूर यांच्या सहभागाने वाढलेल्या 'एक्सवाय-पिक' ने दूर केली. त्यात बाण कोणत्याही घरातून कोणत्याही घरात जाऊ शकतो. उजवीकडे जाण्यासाठी 'आर' आणि खाली जाण्यासाठी 'डी' ही इंग्रजी आद्याक्षरे वापरावयाची. दोन घरे उजवीकडे व एक घर खाली जायचे असल्यास 'आर, आर, डी' लिहावयाचे. या साधनाने एका पिढीचे शोधनिबंध घडविले. तथापि, त्याच्या बाणांची मूळ टोके मजकुरातील बाणांच्या टोकांहून भिन्न दिसत. तशी टोके हवी असल्यास वेगळा पर्याय निवडावा लागे. त्यामुळे एकच बाण परिच्छेदात एका रूपात आणि आकृतीत दुसऱ्या रूपात भेटे.

टिल टांटाऊ यांची 'टिक्झ' ही प्रणाली 2005 च्या सुमारास उपलब्ध झाली. तिच्या जर्मन नावाचा विस्तारच "टिक्झ हे चित्र काढण्याचे साधन नव्हे" असा आहे. चित्र हाताने काढावयाचे नसून शब्दांत सांगावयाचे, ही भूमिका त्यातून व्यक्त होते. तिच्या आधारे आउगुस्तो स्टोफेल यांनी 'टिक्झ-सीडी' हा संच रचला. जाळी तीच, दिशांची आद्याक्षरे तीच. परंतु बाणाची टोके मजकुराशी जुळतात, नाव अवतरणचिन्हांत लिहिले जाते, तुटक वा वक्र बाण साध्या शब्दांनी मागविता येतो. बाणाचे नाव त्याच्या प्रवासाच्या दिशेने पाहता डाव्या हातास बसते. खाली जाणाऱ्या बाणाचे नाव त्यामुळे पानाच्या उजवीकडे येते आणि नवशिका गोंधळतो. मात्र बाणावर आपण स्वतः चालत आहोत असे कल्पिले की हा नियम पटतो.

सर्पप्रमेयाची कसोटी

कोणत्याही साधनाची खरी परीक्षा 'स्नेक लेमा', म्हणजे सर्पप्रमेयाच्या आकृतीत होते. 1980 सालच्या 'इट्स माय टर्न' या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी नायिका फळ्यावर याच प्रमेयाची सिद्धता देते. मधल्या दोन ओळी दिलेल्या असतात. वर तीन गाभे, म्हणजे 'कर्नेल', येतात व खाली तीन सहगाभे, म्हणजे 'कोकर्नेल'. प्रमेय सांगते की वरच्या ओळीच्या उजव्या टोकापासून खालच्या ओळीच्या डाव्या टोकाकडे जाणारा एक बाण अस्तित्वात आहे. तो सर्व आकृतीमधून नागमोडी जातो, म्हणूनच हे नाव. 'एएमएससीडी' मध्ये तो काढता येत नाही. 'टिक्झ-सीडी' मध्ये निघण्याचा व पोहोचण्याचा कोन सांगून तो काढता येतो.

येथेच एक मूलभूत उणीव स्पष्ट होते. मधल्या ओळींतील बाण गृहीत आहेत. नागमोडी बाण हा निष्कर्ष आहे. दोन्ही एकाच आकृतीत, एकाच वेळी दिसतात. गणिती व्यवहारात 'अस्तित्वात आहे' हे सांगण्यासाठी बहुधा तुटक बाण वापरतात. परंतु अक्षरजुळणीच्या भाषेला तुटक बाण म्हणजे केवळ तुटक रेघ. ती दावा आहे हे तिला ठाऊक नसते. आकृतीचा कोणता भाग मार्गनिरपेक्ष आहे आणि कोणता नाही, हेही या भाषांच्या मूळ आज्ञांत कोठेच नोंदविले जात नाही.

अक्षरजुळणीच्या भाषेने गणित जाणण्याची अपेक्षाच का करावी, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर खुद्द 'लाटेक्' च्या भूमिकेत आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 'लाटेक्' रचताना लेखकाने रूप न सांगता रचना सांगावी, हे तत्त्व पुढे ठेवले. अपूर्णांक लिहिताना आपण अंश व छेद सांगतो. आडवी रेघ किती लांब हे सांगत नाही. आकृतीत मात्र आपण केवळ घरे मोजतो. बाण 'क' कडे जातो असे न म्हणता "दोन घरे उजवीकडे" असे म्हणतो. मध्ये एक स्तंभ वाढविला की तोच बाण भलत्याच अक्षरावर जाऊन टेकतो. प्रास्ताविकात सांगितलेल्या घटनेचे हे सुधारित रूप होय. तेथे बाण कागदाला बांधलेला होता, येथे जाळीला. वस्तूला तो दोन्हीकडे बांधलेला नाही. घरांना नावे देऊन बाण त्या नावांना जोडण्याची सोय 'टिक्झ-सीडी' मध्ये आहे, पण प्रचलित वापर घरे मोजण्याचाच आहे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. वस्तू व बाण यांची केवळ यादी देऊन मांडणी यंत्रावर सोपवावी, हा उपाय येथे समाधान देत नाही. सर्पप्रमेयात ओळ ही ओळ म्हणून दिसणे हाच युक्तिवादाचा भाग आहे. ओळी विस्कटल्या तर बाण बरोबर राहूनही प्रमेय कळणार नाही. जाळी अर्थ पूर्णपणे सांगत नाही, परंतु ती अर्थाचा अर्धा भाग निश्चित सांभाळते.

पीटर फ्रॉइड व आंद्रे श्चेद्रोव्ह यांनी 1990 सालच्या ग्रंथात एका आकृतीऐवजी आकृत्यांची मालिका वापरली आणि दोन आकृत्यांमध्ये 'सर्वांसाठी' किंवा 'अस्तित्वात आहे' अशी संख्यापक चिन्हे ठेवली. गृहीत व निष्कर्ष यांचा क्रम त्यामुळे स्पष्ट होतो. ही पद्धती सर्वत्र रूढ झाली नाही. परंतु साधनांच्या उणिवेवर लेखकाकडे उपाय असतो, हे तिने दाखविले आहे.

माउसने काढलेली आकृती

2020 च्या दशकाच्या आरंभी 'क्विव्हर' हे ब्राउझरमध्ये चालणारे मुक्त साधन पुढे आले. त्यात माउसने बाण ओढावयाचा आणि तयार झालेली 'टिक्झ-सीडी' ची आज्ञावली आपल्या लेखात उतरवून घ्यावयाची. विद्यार्थ्यांचे श्रम त्याने निःसंशय वाचविले आहेत. मात्र त्याने दिलेल्या आज्ञावलीत आधी सर्व अक्षरे येतात आणि नंतर प्रत्येक बाण "पहिल्या ओळीच्या पहिल्या घरातून दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरात" अशा क्रमांकांनी येतो. हाताने लिहिलेल्या आज्ञावलीत बाण आपल्या मूळ अक्षराच्या शेजारीच असतो. म्हणून ती वाचता येते, तपासता येते. क्विव्हरची आज्ञावली यंत्रासाठी निर्दोष, पण वाचकासाठी मुकी असते. सोय मिळते आणि वाचन सुटते. डी.टी.पी. चालक जे काम करीत असे तेच आता आपण स्वतः माउसने करतो, एवढाच फरक उरण्याचा धोका येथे आहे.

मराठीतून लिहिणाऱ्यास आणखी एक अडचण येते. जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक्' मुळे (2004) देवनागरी मजकूर सरळ जुळविता येऊ लागला. परंतु 'टिक्झ-सीडी' मधील अक्षरे व बाणांची नावे गणिती पद्धतीने जुळविली जातात. तेथे 'अ' किंवा 'फ' हवा असल्यास तो मजकूर आहे असे दर वेळी वेगळ्या आज्ञेने सांगावे लागते. अडचण दुस्तर नाही. मात्र गणिती अक्षर रोमन वा ग्रीकच असणार, हे या भाषांचे गृहीतक त्यातून उघड होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, आकृती काढण्याचे साधन तटस्थ नसते. कोणते विधान सहज लिहिले जाईल आणि कोणते टाळले जाईल, यावर त्याचा परिणाम होतो. दुसरा, 'एएमएससीडी' पासून 'टिक्झ-सीडी' पर्यंत आकृतीचे रूप निर्विवाद सुधारले, परंतु बाण वस्तूशी न जोडता जागेशी जोडण्याची सवय कायम राहिली. तिसरा, गृहीत व निष्कर्ष आणि मार्गनिरपेक्ष व मार्गसापेक्ष हे भेद आजही लेखकालाच शब्दांनी सांगावे लागतात.

म्हणून अध्यापकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्याने क्विव्हर अवश्य वापरावे, परंतु पहिल्या काही आकृत्या हाताने आज्ञा लिहूनच कराव्यात आणि प्रत्येक आकृतीखाली एक पूर्ण वाक्य लिहावे : कोणते बाण दिलेले आहेत, कोणता बाण मिळवावयाचा आहे, आणि कोणत्या दोन वाटा समान आहेत. प्रस्तुत लेखिकेच्या प्रबंधिकेत असे एक वाक्य असते, तर बाण सरकूनही विधान हरवले नसते आणि त्या दिवशी परीक्षकांना उत्तर देता आले असते.