फळाचा माग आणि माणसाचा माग : दक्षता-कायद्यांची एक चिकित्सा

'ड्यू डिलिजन्स' ही संज्ञा मानवी हक्कांच्या चर्चेत आली ती भांडवलबाजारातून. अमेरिकेच्या १९३३ च्या रोखेविषयक कायद्याने रोखे विक्रीस काढणाऱ्या मध्यस्थास एक बचाव दिला होता. निवेदनपत्रातील विधानांची आपण वाजवी चौकशी केली होती एवढे त्याने सिद्ध केले, म्हणजे ती विधाने पुढे खोटी ठरली तरी त्याच्यावर दायित्व येत नसे. 'यथोचित दक्षता' ही अशा रीतीने मूलतः खबरदार माणसाची ढाल होय. शब्दाचे हे कुळ ध्यानात घेतल्यावाचून, कंपन्यांनी आपल्या व्यवहारात मानवी हक्कांचा भंग होतो की काय हे तपासावे असे सांगणाऱ्या अलीकडच्या कायद्यांचे मर्म नीट उमगत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जॉन रगी यांनी सिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे २०११ साली मान्य केली, तेव्हा या संज्ञेचे तोंड उलट दिशेस वळविण्यात आले. कंपनीस कोठून धोका आहे हे पाहावयाचे नसून, कंपनीमुळे इतरांस कोणता धोका आहे हे पाहावयाचे, असे ठरले. २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळची राना प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर फ्रान्सने २०१७ साली व जर्मनीने २०२१ साली कायदे केले, आणि २०२४ साली युरोपीय संघाने आपला निर्देश संमत केला. अर्थ पालटला, परंतु घडण पालटली काय? जर्मन कायद्यानुसार कंपनीने स्वतःचा व्यवसाय आणि थेट पुरवठादार यांच्याविषयी दक्षता बाळगावयाची असते. त्यापलीकडच्या पुरवठादारांकडे वळण्याचे कर्तव्य भंगाची सप्रमाण माहिती हाती आल्यावरच उत्पन्न होते. शिवाय कर्तव्यात कसूर झाली तरी केवळ त्या कारणाने दिवाणी दायित्व येत नाही, असे कायदाच सांगतो. फ्रेंच कायदा यापेक्षा धीट आहे. तो भरपाईचा मार्ग खुला ठेवतो. तरी त्याच्याही मर्यादा ला पोस्त या टपालसंस्थेच्या खटल्यात दिसून आल्या. उपकंत्राटदारांमार्फत पार्सले निवडण्याच्या कामावर लावलेल्या, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित कामगारांच्या निमित्ताने एका कामगार संघटनेने हा दावा लावला होता. पॅरिसच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये संस्थेची दक्षता-योजना अपुरी ठरवली व ती पूर्ण करण्याचा आदेश दिला. विशिष्ट उपाय योजण्यास भाग पाडण्याचे मात्र नाकारले. कामगारांच्या वाट्यास अधिक चांगली योजना आली, इतकेच.

अशा कायद्यांची खरी परीक्षा कलमांच्या वाचनाने होत नाही. जेथे पुरवठ्याची साखळी लांब आणि लेखी करार तोकडा, अशा ठिकाणी ती होते. खानदेशातील रावेर तालुका हे असे एक ठिकाण. सातपुड्याच्या पायथ्याशी, भुसावळ-खंडवा लोहमार्गावर वसलेल्या या तालुक्याची केळी एके काळी रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीकडे जात. आज ती मुख्यतः मालमोटारींतून उत्तरेस आणि काही प्रमाणात आखातात जातात. शेतकरी बाग विकतो, व्यापारी भाव ठरवून कटाईची टोळी पाठवतो, मुकादम ती टोळी जमवतो, मोटारमालक वेगळा असतो आणि दूरच्या बाजारातील आडत्या त्याहून वेगळा. घड कापणारा, डोक्यावरून बांधापर्यंत आणणारा आणि मोटार भरणारा मजूर या पाचांपैकी कोणाचा, हे मजुरी चुकती होईपर्यंत कोणी विचारत नाही. मजुरी चुकती झाल्यावर तर विचारण्याचे कारणच उरत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत हा प्रश्न भयंकर रीतीने पुढे आला. धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन निघालेली मालमोटार यावल तालुक्यातील किनगावाजवळ मध्यरात्रीच्या सुमारास उलटली आणि मालावर बसून घरी परतणारे किमान १५ मजूर फळांच्या भाराखाली सापडून मेले. ते आभोडा, केऱ्हाळा आणि रावेर येथील होते. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. शासनाने सानुग्रह साहाय्य जाहीर केले. 'सानुग्रह' हा शब्द येथे तपासून पाहण्याजोगा आहे. अनुग्रह केला जातो तो जेथे ऋण मान्य नसते तेथे.

ऋण कोणाचे हे ठरविण्याची कायद्याची रीत पाहिली म्हणजे अडचण स्पष्ट होते. मालवाहू मोटारीत बसलेला माणूस मोटारमालकाचा नोकर असेल तर विम्याचे संरक्षण एका कलमाने मिळते. मालाच्या मालकाचा प्रतिनिधी असेल तर दुसऱ्याने. आणि नुसताच फुकट प्रवासी ठरला तर विमाकंपनीवर दायित्व नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ साली सांगितले. फळांच्या राशीवर झोपलेला मजूर या तिन्हींपैकी कोण? व्यापाऱ्याने मुकादमामार्फत बोलावलेला हमाल मोटारमालकाचा नोकर नव्हे, आणि त्याला मालाच्या मालकाचा प्रतिनिधी म्हणावयाचे तर त्या मालकाचे नावही बहुधा त्याला ठाऊक नसते. दक्षता-कायदे ज्या 'प्रभावित व्यक्ती'विषयी बोलतात, तिची ओळख येथे तिच्या मरणानंतर विमाप्रकरणात वाद घालून ठरवावी लागते.

माग काढणे अशक्य आहे म्हणून असे घडते, असे मात्र म्हणता येणार नाही. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अवशेष सापडले, आणि २००६ साली 'अपेडा'ने ग्रेपनेट ही व्यवस्था उभारली. परदेशी विकलेल्या पेटीवरून द्राक्ष कोणत्या नोंदणीकृत बागेतले, त्यावर काय फवारले, हे शोधता येऊ लागले. खुद्द रावेर तालुक्यातील तांदलवाडी येथील निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे जळगाव केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली तेथील शेतकऱ्यांची केळी दुबईस रवाना झाली. फळाचे गाव, जात आणि गुण यांना अशी कायदेशीर ओळख लाभली आहे. ग्लोबलगॅप या खाजगी प्रमाणपत्रातही मजुरांच्या स्थितीची तपासणी असते. पण ती मूळ प्रमाणपत्राचा भाग नसून स्वतंत्र पुरवणी आहे. औषधाचा अंश मूळ प्रतीत आणि माणूस पुरवणीत, ही मांडणी पुष्कळ काही सांगून जाते. फळातला दोष खरेदीदाराच्या पोटात जातो, मजुराचे दुखणे जात नाही.

यावर युरोपीय कायदा हाच तोडगा आहे असे मानणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. एक, दिल्लीस किंवा दुबईस जाणाऱ्या केळीवर ब्रुसेल्सचा अंमल सहसा पोचत नाही. दुसरी, तो अंमलही आक्रसत आहे. मूळ निर्देशात १००० कामगार व ४५ कोटी युरो उलाढाल ही मर्यादा होती. डिसेंबर २०२५ मधील तडजोडीत ती ५००० कामगार व १५० कोटी युरो इतकी वाढविण्यात आली आणि दिवाणी दायित्वाची समान तरतूद गळाली. भारतात २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांतील पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे, आणि 'सेबी'ने सर्वांत मोठ्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना तत्संबंधी निवेदन देण्यास सांगितले आहे. परंतु मूल्यसाखळीविषयीची माहिती २०२५ मध्ये ऐच्छिक करण्यात आली. रावेरच्या बांधावर येणारा व्यापारी तर सूचिबद्धही नसतो.

महाराष्ट्राच्या विधिसंग्रहात मात्र याहून वेगळ्या धाटणीचा एक कायदा १९६९ पासून आहे, तो म्हणजे माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा. चर्चकांचे त्याकडे दुर्लक्ष व्हावे हे नवल आहे. कदाचित तो हमालांचा म्हणून विद्वानांस तो क्षुद्र वाटत असावा. कंत्राटदारामार्फत लावलेल्या असंरक्षित कामगाराचा मालक म्हणजे मुख्य मालक, अशी त्याची व्याख्या आहे. मुख्य मालकाने मजुरी व तीवरील आकार मंडळाकडे भरावयाचा आणि मंडळाने ती मजुरास द्यावयाची. मालकाने किती दक्षता बाळगली हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. ओझे ज्याचे, त्याचे देणे. ढालीची सोय या कायद्याने ठेवलेली नाही.

त्याची उणीवही तितकीच ठळक आहे. अनुसूचित रोजगार, नोंदलेला मालक आणि स्थानिक मंडळ या तीन खांबांवर तो उभा आहे. बाजारपेठेत हे खांब घट्ट रोवता येतात. केळीच्या बागेच्या बांधावर, जेथे आज एक व्यापारी असतो व उद्या दुसरा, आणि जेथे मजुरी शेतकामाची की हमालीची हेच ठरत नाही, तेथे पहिल्या दोन खांबांस माती सापडत नाही. टोळी बांधावर चढते तेव्हा मालाची पट्टी लिहिली जाते, वजन लिहिले जाते, मोटारीचा क्रमांक लिहिला जातो. त्याच कागदावर टोळीतील नावे आणि त्यांना परत पोचविण्याचे वाहन लिहिले जावे, व ती पट्टी ज्याच्या नावे फाटते त्यालाच १९६९ च्या व्याख्येतील मुख्य मालक समजावे, एवढी दुरुस्ती विधिमंडळाच्या आवाक्यात आहे. तिला ब्रुसेल्सच्या अनुमतीची गरज नाही.