श्रुती कोणती, स्मृती कोणती? : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातील एक वाद

रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतराची कथा नागपुरात नव्याने सांगावी लागत नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार आणि १८९५ मधील बाप्तिस्मा हे प्रसंग 'स्मृतिचित्रां'मुळे सर्वश्रुत झाले आहेत. त्या मानाने पंडिता रमाबाईंनी १८८३ ते १८८६ या काळात इंग्लंडमध्ये घातलेला वाद फारसा वाचला जात नाही. टिळकांचा पिंड कवीचा. रमाबाई शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या. श्रद्धा ठेवल्यावरही प्रमाण विचारण्याचे त्यांनी सोडले नाही.

या वादाचे मुख्य साधन म्हणजे त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार. अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र मूळ संकलन वाँटेज येथील सिस्टर जेराल्डाईन यांचे, म्हणजे वादातील एका पक्षाचे आहे. रमाबाई ज्यांना पत्रांतून 'आजीबाई' म्हणून हाक मारीत, त्याच बाईंनी ही पत्रे लावली. तेव्हा जुळणीतही एक कैफियत आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. शिवाय रमाबाईंनी इंग्रजीचा अभ्यास पुण्यात १८८२ च्या सुमारास आरंभिला होता. अशा नवशिक्या भाषेत त्या ईश्वरविद्येतील सूक्ष्म भेद मांडीत होत्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. अँग्लिकन बाप्तिस्माविधीत प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हटला जातो. परंतु त्याच पंथाच्या प्रार्थनाग्रंथात वर्षातील ठरावीक सणांना अथनेशियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकारही नेमून दिलेला होता. त्रैक्याची काटेकोर व्याख्या आणि ती न मानणाऱ्याच्या नाशाची ग्वाही हे त्याचे स्वरूप. रमाबाईंना ही व्याख्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, आढळेना. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो खऱ्या, पण धर्मगुरूंच्या आणि बिशपांच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द मानण्यास आपण बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डाईन यांना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांनी मात्र शंकेला शंका म्हणूनच उत्तर दिले. संग्रहातील वाचनीय पाने तीच.

रमाबाईंचा आक्षेप इतिहासाच्या नव्हे, वचनाच्या आधारे उभा होता. तरीही इतिहास त्यांना अनुकूलच होता. हा विश्वासांगीकार अथनेशियसचा नव्हे, हे फॉसियसने १६४२ मध्येच दाखविले होते. अथनेशियस ३७३ मध्ये वारला; तो ग्रीक लिहिणारा, तर ही रचना मूळ लॅटिन, आणि आजचे संशोधक तिचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाकडे नेतात. रमाबाई इंग्लंडला पोचण्याच्या दोनच वर्षे आधी, १८८१ मध्ये, नव्या कराराची सुधारलेली इंग्रजी आवृत्ती निघाली होती. योहानाच्या पहिल्या पत्रातील, त्रैक्याला स्पष्ट आधार देणारे स्वर्गातील तीन साक्षींचे वचन तीत गाळलेले होते. कारण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही.

तथापि या वादाचे मूळ इंग्लंडात शोधणे अपुरे ठरेल. श्रुतिस्मृतिविरोधात श्रुती बलवत्तर, हा नियम पुराणिकाच्या घरालाही परका नव्हता. पुढे आत्मकथनपर लेखनात रमाबाईंनी सांगितले आहे की, धर्मशास्त्रे वाचू लागल्यावर त्यांना तेथे जागोजाग परस्परविरोध दिसला; एकवाक्यता प्रामुख्याने स्त्रियांना व शूद्रांना हीन लेखण्यापुरती. स्मृतिकारांचा कलह पाहून आलेल्या या विदुषीने विश्वासांगीकारांना आणि बिशपांच्या आज्ञांना स्मृतीच्या कोटीत टाकले, आणि बायबलाला श्रुतीचे स्थान दिले. हा शब्द त्यांचा नाही, पण विचाराची ठेवण तीच दिसते. परधर्माच्या अंगणात जाऊनही त्यांनी घरचेच माप वापरले.

येथेच त्यांच्या भूमिकेतील दुबळा सांधा दिसतो. वेद अपौरुषेय मानले जातात. नव्या कराराची तशी कथा नाही. त्यात कोणते ग्रंथ घ्यावेत हे मंडळीने काही शतकांच्या चर्चेनंतर ठरविले. आज मान्य असलेल्या नेमक्या सत्तावीस ग्रंथांची यादी प्रथम आढळते ती ३६७ च्या एका पास्कपत्रात, आणि त्या पत्राचा लेखक आहे अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस! ज्याच्या नावाचा विश्वासांगीकार रमाबाईंनी दूर सारला, त्याच्याच यादीत त्यांची श्रुती बांधलेली होती. बिशपाचा शब्द प्रमाण नसेल, तर ही यादी कशाच्या बळावर प्रमाण? रमाबाईंना खरे अडचणीत आणणारा प्रश्न हा होता. सिस्टर जेराल्डाईन यांचा भर आज्ञापालनावर राहिला, त्यामुळे तो धसास लागला नाही. आज्ञेऐवजी इतिहास पुढे ठेवला असता, तर रमाबाईंसारख्या प्रतिपक्षाकडून काय उत्तर आले असते, हे जाणण्याची संधी वाचकाने गमावली आहे.

केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी वाद मागे ठेवला, ग्रंथ मात्र ठेवला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ संहितेवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. त्याची छपाई मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.