पत्रकातली वीज आणि डोंगरावरची वीज

एका शाळेने उन्हाळी पदभ्रमणासाठी छापलेले सूचनापत्रक नुकतेच आमच्या पाहण्यात आले. विजेबद्दल चार ओळी आहेत. हेतू चांगला, विज्ञान मात्र कच्चे.

‘रबरी तळाचे बूट घालावेत.’ कित्येक किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला बोटभर रबराचा काय अडथळा? बंद मोटारीत आपण सुरक्षित असतो तेही टायरमुळे नव्हे. वीज धातूच्या टपावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून.

‘झाडाखाली थांबू नये’ हे बरोबर. पण का? झाडावरची वीज शेजारच्या माणसावर उडी घेते, शिवाय जमिनीतून चहूकडे पसरते आणि एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. झाडाखालची गुरे एकदम दगावतात ती बहुधा यामुळेच. हे मुलांना सांगायलाच हवे होते.

सर्वांत खटकते ती उकिडवे बसण्याची आकृती. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने हा सल्ला २००८ मध्येच सोडून दिला, कारण त्याने फारसे संरक्षण मिळत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मुले असताना गडगडाट झाला, तर ती उकिडवी बसणार तरी कुठे?

लखलखाट ते गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, हा सोपा हिशेबही पत्रकात नाही. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरावरूनही धोका असतो. एप्रिल-मेमधली वळवाची वादळे बहुधा दुपारनंतर येतात. पत्रकात चढाईची वेळ छापली आहे : सकाळी अकरा.