‘घरौंदा’तलं फिरणं

मुंबईत एकाच कचेरीत काम करणारे सुदीप आणि छाया (अमोल पालेकर, झरीना वहाब) फिरायला जातात ते अर्धवट बांधलेल्या इमारतींत. प्लास्टर न झालेल्या खोल्यांत ते मनातला संसार मांडून पाहतात. बिनपैशाचा हा आनंद भीमसैन यांनी १९७७ च्या ‘घरौंदा’त हळुवारपणे टिपला आहे.

पुढं बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. मग छायानं आजारी मालकाशी लग्न करावं, त्याच्यामागं सगळं आपलंच, असं सुदीप सुचवतो. शंकर शेष यांच्या कथेचं बळ इथं आहे. प्रेमाच्याच तोंडून हिशेब बोलू लागतो. डॉ. श्रीराम लागूंनी मालकाला माणूसपण दिलं, म्हणून तो हिशेब चुकलेला आपल्याला पटतो.

सुदीपमधला बदल मात्र घाईचा वाटतो. स्वप्नं पाहणारा तरुण प्रेयसीलाच डावावर लावतो, तेव्हा त्याची मधली घालमेल अधिक दिसायला हवी होती.

तरी हा चित्रपट आपल्याला जवळचा आहे. नाव सांगताच ‘खोली गेली’ हे उत्तर ऐकून परतलेली जोडपी आपल्यातही आहेत. त्यांचंही फिरणं घरं पाहण्यातच सरलं.