कोसंबींचं नाव घेण्यापूर्वी

कोसंबी हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते कामावरच्या संगणकात. मी बॉस्टनजवळच्या एका जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आकडेवारीचं काम करते. पिढीगणिक जनुकांची जी अदलाबदल होते, तिच्या प्रमाणावरून दोन जनुकांमधलं अंतर काढावं लागतं. त्यासाठी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय येतात: हाल्डेन आणि कोसंबी. हाल्डेनचं सूत्र १९१९चं. एका जागी अदलाबदल झाली तरी शेजारी काही फरक पडत नाही, असं ते धरून चालतं. कोसंबीचं सूत्र १९४४चं. शेजारी फरक पडतो, हे ते हिशेबात घेतं. कित्येक महिने मी 'कोसंबी'वर टिचकी मारत होते आणि हा कुणी जपानी शास्त्रज्ञ असावा असं समजत होते.

तुमच्यापैकी पुण्या-गोव्याकडच्या वाचकांना हसू येईल. गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले, भारताच्या प्राचीन इतिहासाची मांडणी बदलून टाकणारे दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच, हे कळल्यावर मीही हसले. मग इतर मराठी माणसांप्रमाणे मीही अभिमानाने ते नाव वापरू लागले. या लेखाचं कारण तो वापर आहे.

आमचा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्या पद्धतीप्रमाणे वर्षअखेरीपर्यंत मुख्य विषय कळवायचा असतो. त्याच्यापुढे संख्याशास्त्र आणि इतिहास असे दोन विषय आहेत. डिसेंबरच्या सुट्टीत जेवताना विषय निघाला. बाबाचं मत ठरलेलं होतं: "संख्याशास्त्र घे, इतिहास कुठे पळून जात नाही." मी मध्ये पडले. म्हटलं, "दोन्ही कर ना. कोसंबींनी केलं होतं."

मुलगा म्हणाला, "कसं केलं होतं पण?"

मला सांगता येईना. म्हणून मी त्यांची पुस्तकं पुन्हा काढली, या वेळी फक्त त्या 'कसं'साठी. हाती जे लागलं ते माझ्या सल्ल्याच्या बाजूने नव्हतं. तुमच्याही घरी हा प्रश्न आला असेल किंवा येणार असेल, म्हणून सांगते.

आधी गोष्टीचा आपल्याला ठाऊक असलेला भाग. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध साहित्याचे पंडित, हार्वर्डला पाली ग्रंथांच्या कामासाठी आलेले. त्यांच्याबरोबर १९१८ साली दामोदर इथे आला, केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि पुढे १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. बर्कहॉफसारख्या मोठ्या गणितज्ञाने त्याला गणितावरच लक्ष देण्याचा सल्ला दिला होता, पण त्याने नाना विषयांचे वर्ग घेतले, असं त्याच्या चरित्रात येतं. आपण पालक इथेच थांबतो. 'बघा, हुशार मुलगा, सगळं जमलं!' पण पुढचं पाहा. परत गेल्यावर बनारस, अलिगढ, मग १९३३पासून बारा वर्षं फर्ग्युसन, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था. या सगळ्या जागांवर पगार मिळाला तो गणिताचा. पीएच.डी. त्यांनी कुठल्याच विषयात केली नाही. इतिहास हा त्यांचा कधी पोटापाण्याचा व्यवसायच नव्हता.

'म्हणजे मी म्हणतो तेच,' असं आमच्या घरातून लगेच ऐकू आलं. 'गणितावर पोट, इतिहासाचा छंद.' पण त्यांच्या पुस्तकांत हेही बसत नाही.

'स्टेप्स इन सायन्स' नावाचा कोसंबींचा एक निबंध आहे, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला. आपण एका विषयातून दुसऱ्यात कसे गेलो, हे त्यात त्यांनी स्वतः सांगितलं आहे. गोष्ट साधी आहे. संख्याशास्त्र शिकायचं तर प्रत्यक्ष एखादा प्रश्न घेऊन शिकावं, म्हणून त्यांनी नाण्यांचं वजन घेतलं. चलनात फिरणारं नाणं झिजतं. जितकी वर्षं फिरेल तितकं सरासरी वजन घटतं, आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांमधला फरकही वाढत जातो, कारण सगळी नाणी सारखी फिरत नाहीत. हे आधी त्यांनी चालू नाण्यांवर तपासलं. मग तीच रीत तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांना लावली. नाण्याच्या मागच्या बाजूला छोटे छोटे ठसे असतात. जितके ठसे जास्त तितकं वजन कमी, असं दिसलं. म्हणजे ठरावीक काळाने कुणीतरी नाणी तपासून शिक्का मारत असणार. हजारो नाणी एकेक करून तराजूत घालण्याचं हे काम.

पण तराजू एक गोष्ट सांगू शकत नव्हता. ही नाणी पाडली कुणी? त्यासाठी पुराणं आणि जुने ग्रंथ वाचणं भाग होतं. ते नीट वाचायला संस्कृत पक्कं हवं. संस्कृत पक्कं करायला त्यांनी भर्तृहरी हाती घेतला, तर त्याच्या पाठांचा एकमेकांशी मेळ बसेना. मग शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. हे सुभाषितकार कुठल्या समाजातले, हा पुढचा प्रश्न. तिथून 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' हे १९५६चं पुस्तक.

आता वाचक म्हणून मला काय वाटलं ते सांगते. हा निबंध मी आधी एका बहुश्रुत माणसाची कहाणी म्हणून वाचला होता. या वेळी लक्षात आलं की त्यात दोन विषय कुठेच शेजारी शेजारी ठेवलेले नाहीत. एक प्रश्न आहे आणि तो नेईल तिथे माणूस जातो आहे. प्रत्येक वळणावर तो नवशिका होतो. नाव झालेला गणिताचा प्राध्यापक पोथ्यांपुढे विद्यार्थी होऊन बसतो. आपण मुलांना 'दोन्ही कर' म्हणतो तेव्हा आपल्या मनात हे नसतं. आपल्याला एकाचा पगार हवा असतो आणि दुसऱ्याचं समाधान. निवड टाळण्याचं ते सभ्य नाव आहे. मीही तेच करत होते.

मात्र कोसंबी सगळीकडे सारखेच खरे उतरतात, असंही मी म्हणणार नाही. 'मिथ अँड रिॲलिटी' हे त्यांचं १९६२चं पुस्तक मला सर्वांत आवडतं आणि माझ्या तक्रारीही त्याच पुस्तकाबद्दल आहेत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या ते पायी धुंडाळतात. म्हातोबा, बोल्हाई, रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या देवी, यांच्या जागा नोंदवतात. त्या वाटांवर अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारं वेचतात. गुराख्यांच्या हंगामी वाटा, त्यावर पुढे आलेले व्यापारी मार्ग, कार्ल्यासारखी लेणी आणि पंढरीची वारी या सगळ्यांना ते एका धाग्यात ओवतात. लहानपणी ज्या म्हसोबाला जाता जाता हात जोडले, तो इतिहासाचा पुरावा असू शकतो, हे मला प्रथम या पुस्तकाने शिकवलं. त्याआधी इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढंच मला माहीत होतं.

पण आकडेवारीवर पोट भरणारी मी, मला एक शंका सोडत नाही. हत्यारं सापडली ती ते ज्या वाटांनी चालले तिथे. ज्या वाटांनी ते चालले नाहीत तिथे काय होतं? देवळापाशी सापडलेल्या हत्यारांची तुलना देऊळ नसलेल्या टेकडीशी नको का करायला? नाण्यांच्या बाबतीत हा प्रश्न त्यांनी स्वतःला नक्की विचारला असता. म्हणून तर आधी चालू नाणी तोलली. देवीच्या बाबतीत आजच्या ठाण्यापासून हजारो वर्षं मागची उडी ते फार खात्रीने मारतात. देवीची जागा बदलते, गोष्ट बदलते, गावही उठून दुसरीकडे जातं. धागा सुंदर आहे, पण तो कुठे तुटला तर आपल्याला कळावं अशी सोय पुस्तकात पुरेशी नाही.

माझ्या मते कोसंबींचं सर्वांत भक्कम काम तिथे आहे जिथे त्यांना चूक दाखवणारं काहीतरी समोर आहे: तराजू, किंवा शेकडो हस्तलिखितांतले पाठभेद. जिथे असं अडवणारं कुणी नाही तिथे ते तेजस्वी आहेत, पण सैल आहेत. आणि हे फक्त इतिहासातच झालं असं नाही. १९५९ साली त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता म्हणून एक लेख कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. ती सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही. १९६२मध्ये टाटा संस्थेतला त्यांचा करारही संपला, तो पुढे वाढवला गेला नाही. ज्या विषयावर पोट होतं तिथली माणसं, त्यांचं रोजचं टोकणं, शंका काढणं, यांच्यापासून माणूस दूर गेला की काय होतं, ते मला इथे दिसतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण त्यांच्या बाबतीत पूर्ण खरी नाही, कारण इतिहासाच्या घरी त्यांनी उपाशी राहून इतरांना जेवू घातलं. पण किंमत त्यांनी मोजली. १९६६ साली, साठीच्या आतच ते गेले. आज इतिहासाचे विद्यार्थी त्यांना वाचतात आणि जनुकशास्त्रज्ञ त्यांच्या नावावर टिचकी मारतात, पण यातलं जवळजवळ काहीच त्यांच्या नोकरीच्या कागदावर नव्हतं.

तर 'कसं केलं होतं पण?' या प्रश्नाला मी मार्चमध्ये मुलाला फोनवर दिलेलं उत्तर असं होतं. दोन्ही कर, हा माझा सल्ला मी मागे घेते. दोन विषयांपैकी कुठला आवडतो, हे विचारू नकोस. दोन्ही आवडतात, हे आपल्याला माहीत आहे. कुठल्या विषयात तुझी चूक तुला स्वतःला पकडता येते, ते बघ. तिथे आधी पाय रोव. दुसरा विषय त्याची गरज पडली की आपोआप दारात येईल, आणि तेव्हा पहिलीच्या वर्गात बसायची तयारी ठेव. गरज पडलीच नाही, तर तो वाचनाचा आनंद म्हणून राहू दे. त्यालाही काही कमीपणा नाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, इतिहासाच्या पेपरात सरांनी माझ्या तीन चुका काढल्या होत्या. चौथी मला सापडली होती. ती त्यांना दिसली नव्हती."

बाबाला हे अजून सांगितलेलं नाही. फॉर्म त्याने भरला आहे. तुमच्या घरी कुणी कोसंबींचं नाव घेऊन 'दोन्ही'चा सल्ला देईल तेव्हा एवढंच करा: तो छोटा निबंध आधी स्वतः वाचा, मग मुलांना द्या.